सव्वा तासावरचे लेह

आत्याने लेहला जायचे ठरवले, तेव्हा तिकिटाच्या आधी तिने माळ्यावरचा शाळेतला जुना नकाशासंग्रह खाली काढायला लावला. सदाशिव पेठेतल्या घरात दुपारच्या चहाला तो जमिनीवर उघडला गेला आणि भूगोलाच्या बाई शिकवत तसा ओला दोरा ठेवून दिल्ली ते लेह हे अंतर मोजण्याचा कार्यक्रम झाला. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्यामुळे दोरा सरळ उत्तरेला गेला आणि हिशेब ६२० किलोमीटरच्या आसपास आला. मग तोच दोरा मनालीवरून जाणाऱ्या रस्त्यावर नखाने दाबत वळणावळणाने बसवायला घेतला, तर तो पुरेना. त्या वाटेने हेच अंतर हजार किलोमीटरच्या घरात जाते.

"विमानाला सव्वा-दीड तास," आत्या म्हणाली, "अगं, कोथरूडहून लोहगावला पोचायला कधीकधी तेवढा वेळ लागतो!" यावर पुण्यात राहणाऱ्या माणसाला काही बोलता येत नाही.

वेळापत्रकातला हा आकडा तसा लबाडच असतो. विमान आपली जागा सोडते तिथपासून ते पलीकडे जाऊन थांबते तिथपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो, म्हणजे धावपट्टीकडे रांगत जाणे आणि आपली पाळी येईपर्यंत ताटकळणेही त्यातच आले. म्हणूनच दिल्लीहून जेमतेम २३५ किलोमीटरवर असलेल्या चंडीगडलाही वेळापत्रक तासभर दाखवते. प्रत्यक्षात विमान वर जाऊन स्थिरावते न स्थिरावते तोच उतरू लागते.

लेहच्या बाबतीत मात्र खरी गंमत आकाशात नसून जमिनीवर आहे. दिल्ली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवर, तर लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचल्या की जेमतेम लेहची धावपट्टी येते. दुपारी तिथे वारा सुटतो, आणि आधीच विरळ असलेली हवा उन्हाने तापून आणखी विरळ झाली की विमानाला उचल कमी मिळते. त्यामुळे बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकली जातात. विमानाची एवढी काळजी घेतली जाते, पण त्यात बसलेल्या माणसाला सव्वा तासात तीन हजार मीटर वर नेऊन ठेवतात आणि पहिले एक-दोन दिवस स्वस्थ पडून राहायला सांगतात.

रस्त्याने जाणाऱ्याचे तसे नसते. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट टळला आणि ४६ किलोमीटर वाचले, तरीही केलांग किंवा जिस्पाला मुक्काम पडतोच. पुढे पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत डोकेही ठणकते, पण आपण चढत आहोत हे शरीराला निदान वाटेत कळत जाते. विमानाने जाणाऱ्याला हाच वेळ लेहच्या गादीवर आडवे होऊन फेडावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी आत्याला निघण्यापूर्वी ऐकवलेही होते.

पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. विमान वेळेवर उतरले होते, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते, जेवणही चांगले होते.

"फक्त जेवणघर वरच्या मजल्यावर आहे," ती थांबत थांबत म्हणाली. "अठरा पायऱ्या. दोनदा बसले."