कमी उडालेल्या विमानाचा मोह

जुनी मोटार घेताना आपण आधी ‘किती चालली आहे?’ असे विचारतो आणि आकडा जितका कमी, तितके निश्चिंत होतो. जुन्या विमानाच्या बाबतीत हाच हिशेब अंगाशी येऊ शकतो, हे मला गेल्या वर्षी १९७६ सालच्या एका सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानामुळे समजले.

त्या विमानाच्या इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, होऊन अठरा वर्षे झाली होती आणि त्यानंतर ते अवघे ३१० तास चालले होते. रंग ताजा होता, आसने नवी होती, आणि मनाने मी ते विमान घेऊनच टाकले होते. तपासणीसाठी मात्र मी विक्रेत्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक नेमला. त्याने ऑइल फिल्टर कापला, आतला घड्या घातलेला कागद पांढऱ्या फडक्यावर पसरला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवला, तेव्हा चुंबकाच्या टोकाला चांदीच्या भुग्यासारखे बारीक कण चिकटून आले. लायकमिंग कंपनीच्या या इंजिनात झडपा उघडणारा दांडा (कॅमशाफ्ट) हा पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या (क्रँकशाफ्टच्या) वर असतो; विमान महिनोन्महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते, दमट हवेने गंज धरतो आणि पुढे इंजिन चालले की तो गंजलेला पृष्ठभाग झिजू लागतो. कमी तास म्हणजे कमी झीज नव्हे, हे त्या कागदावर दिसत होते. तपासणीचे पैसे गेले, पण मला त्याची हळहळ वाटत नाही.

दोन महिन्यांनी कॅन्सासमधल्या न्यूटन येथे त्याच जातीचे, १९७५ सालचे १७२ एम मिळाले. ओव्हरहॉलनंतर ते १,१०० तास उडाले होते, रंग उन्हाने विटला होता, पण लॉगबुकात एकही वर्ष रिकामे नव्हते. सिलिंडर दाब किती धरून ठेवतात याची चाचणी ८० पैकी ७२ ते ७६, म्हणजे चांगली आली आणि फिल्टर स्वच्छ निघाला. ओक्लाहोमा सिटीतल्या विमान नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात विमानावर कुणाचा बोजा नाही याची खात्री करून घेतली, मगच रक्कम चुकती केली. विमा कंपनीने पहिले पाच तास प्रशिक्षक सोबत असण्याची अट घातली होती, म्हणून माझे जुने प्रशिक्षकही न्यूटनला आले.

ठरलेल्या दिवशी वाटेतल्या मिसूरी राज्यावर ढग खाली उतरलेले होते. नवे विमान घरी नेण्याची ओढ किती जबर असते, हे त्या सकाळी कळले. तरी आम्ही तो दिवस मुक्काम केला आणि त्या वेळात विमानाची प्रत्येक फट विजेरीने पाहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टाक्यांच्या तळातून इंधन काचेच्या नळीत काढून पाहिले: निळसर, नितळ, पाण्याचा थेंबही नाही. इंधनाच्या काट्यांवर विसंबायचे नाही असे ठरवून टाक्यांत पट्टी बुडवून पातळी मोजली. मग ५,५०० फुटांवर, पाठीशी वारा घेऊन, आम्ही फ्लिंट हिल्स या टेकड्या ओलांडल्या. एप्रिलमध्ये तिथले गुराखी माळरानावरचे वाळके गवत जाळतात. जळलेल्या काळ्या पट्ट्यांच्या शेजारी कोवळी हिरवळ फुटलेली वरून स्पष्ट दिसत होती.

जेफरसन सिटीला मिसूरी नदीकाठी उतरलो तेव्हा दोन तास दहा मिनिटे झाली होती. टाक्या पुन्हा काठोकाठ भरायला १८ गॅलन, म्हणजे सुमारे ६८ लिटर इंधन लागले. विमानाच्या माहितीपुस्तकातला इंधनाचा खप आणि आपल्या विमानाचा खरा खप यांचा मेळ घालण्याची ही पहिली संधी होती. ताशी सव्वाआठ गॅलन हा आकडा मी तिथेच वहीत टिपून ठेवला. वापरण्याजोगे इंधन एकूण ३८ गॅलन, त्यातून तासाभराचा साठा राखून किती लांब जाता येईल, याचा हिशेब आता माझा स्वतःचा होता.

पुढे मिसिसिपी आणि इलिनॉय या दोन्ही नद्या मागे टाकून दुपारी घरी, इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टनला पोचलो. चाकांना अडसर लावले, पंखांना आणि शेपटीला दोर बांधले. इंजिन निवल्यावर तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवली आणि उजेडात धरली. तेल पाव क्वार्टही (साधारण पाव लिटर) उतरले नव्हते. येत्या शनिवारी हवा चांगली असेल तर तासभर उडवायचे, असे ठरवूनच मी आच्छादन घातले.