स्मरणिका मंडळाची, लेख लिहिणाऱ्याचा

कोकणातल्या विकास मंडळांच्या जुन्या स्मरणिका आता पीडीएफ होऊन फिरू लागल्यात. चाकरमान्यांच्या वर्गणीतून छापलेले हे अंक म्हणजे गावाचं दप्तरच. ते जपायलाच हवेत. पण मंडळांत एक समज घट्ट बसलाय: छपाईचा खर्च आमचा, म्हणजे आतला मजकूरही आमचा. तसं नसतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा पहिला मालक तो लिहिणारा. फोटोचा, तो काढणारा. फोटोत दिसणारा नव्हे, आणि अल्बम ज्याच्या कपाटात आहे तोही नव्हे. जत्रेसाठी फोटोग्राफरला पैसे देऊन बोलावलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मात्र हक्क मंडळाचा. हौसेने फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्या सभासदाला हे लागू होत नाही. त्याने फोटो दाखवला, छापायला दिला नाही.

पाककृतींबाबत विनाकारण भीती बाळगली जाते. खापरोळीचं साहित्य आणि करण्याची रीत कुणाच्याही मालकीची नाही. मालकी असते ती कुणीतरी लिहिलेल्या वाक्यांची आणि सोबतच्या फोटोची. रीत स्वतःच्या शब्दांत लिहा, प्रश्न मिटला. तरी सांगणाऱ्या काकूंचं नाव द्यावंच.

खरी अडचण पुनर्मुद्रणाच्या वेळी येते. तोंडी 'हो' पुरत नाही, परवानगी लेखी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही संपतो, वेगळं ठरलं नसेल तर. कोकणातला अंक कधी वेळेवर निघतो? म्हणून लेख हातात घेतानाच एवढं लिहून, सही करून घ्या:

'माझा अमुक लेख व सोबतचे ४ फोटो मंडळाने स्मरणिकेत, पुस्तकात, पीडीएफमध्ये व संकेतस्थळावर, जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीपर्यंत, विनामोबदला वापरावेत. वर्षभरात वापर झाला नाही तरी ही परवानगी कायम राहील. मालकी माझीच राहील. नाव असे छापावे: …'

मालकीच लिहून मागू नका. मंडळाला वापर हवा असतो, मालकी नाही, आणि मालकी मागितली की चांगले लिहिणारे हात आखडता घेतात.

जाखडी या कोकणातल्या लोकनृत्याच्या व्हिडिओत हक्कांचे थरावर थर असतात. कवन शाहिराचं, चाल बांधणाऱ्याची, सादरीकरण कलाकारांचं, चित्रणाचा हक्क आणखी वेगळा. कॅमेरा मंडळाचा म्हणून कवन मंडळाचं होत नाही. त्यामुळे शाहीर, चाल बांधणारा आणि कलाकार, सगळ्यांना चित्रणाआधीच विचारावं, यूट्यूबचा उल्लेख करून. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कर्ता कुणालाच ठाऊक नसलेलं गाणं मोकळं असतं. त्याचं कुणी केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही.

लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे. १९७० साली वारलेल्या गुरुजींचा लेख १ जानेवारी २०३१ पासून मोकळा. तोवर एका मुलाची सही पुरत नाही. हक्क ज्यांच्या ज्यांच्याकडे गेला, त्या सगळ्यांची हवी.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर तो आक्रसतो, कधी काढला ही आतली नोंदही पुसली जाते. फाइलच्या नावातच काढणाऱ्याचं नाव, वाडी आणि वर्ष घाला.