फणसाखालची गाडी

अण्णा गेल्यापासून त्यांची गाडी देवरुखला आत्याच्या खळ्यात, फणसाखाली उभी होती. दोन पावसाळे. रत्नागिरी जिल्ह्यातला पावसाळा म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या वरचा हिशोब, आणि डोक्यावर छप्पर म्हणून फक्त फणस. 2011 ची पांढरी हॅचबॅक, पण वरून हिरवी दिसत होती. "घेऊन जा गो, इथे कुजतेय," असं आत्या वर्षभर फोनवर सांगत होती. पितृपक्षात मात्र नेऊ देईना. शेवटी घटस्थापनेला मी आणि लेक गेलो, नवी बॅटरी टाकली, टायरांत हवा भरली आणि दार उघडलं.

ओल्या घोंगड्यात उंदरानं संसार थाटावा आणि वर कुणीतरी डांबराच्या गोळ्या टाकाव्यात, असा वास. गोळ्या खरंच होत्या. "बंद कपाटात टाकतो ना, तशाच टाकल्या," आत्या म्हणाली. आंबा घाट आम्ही चारही काचा खाली करून चढलो. मलकापुरात चहाला थांबलो तर लेक म्हणाला, "आई, शर्टाला पण लागलाय."

कोल्हापुरात वासाच्या गाडीकडे लोक एकाच नजरेनं बघतात. 2019 चा आणि 2021 चा महापूर आम्ही विसरलेलो नाही. गल्लीतल्या एकानं विचारलंच, "ताई, पुरातली न्हाई न्हवं?" त्याला मी पट्टा ओढून दाखवला. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं हे करावं: सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही चकाचक केली, तरी गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ बऱ्याचदा राहून जाते. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का तेही बघायचं. आमच्या पट्ट्यावर गाळ नव्हता, पांढरी बुरशी होती. म्हणजे पाणी चढलं नव्हतं, झिरपलं होतं.

खंडेनवमीला गाडी पूजेला उभी करायची होती, हातात आठ दिवस. पहिल्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात. मोगऱ्याची बाटली आणून आरशाला टांगली. संध्याकाळी गाडीत मोगराही होता आणि कुबट वासही होता, आणि दोघं मिळून जे काही झालं होतं ते आधीपेक्षा वाईट. गाडी धुणाऱ्या एकानं "यंत्र लावून वास मारून देतो" म्हणत पंधराशे रुपये सांगितले. मी विचारलं, ओल कुठनं येते ते बघणार का? त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

मग पुढचं डावं सीट काढलं. चार बोल्ट, फार काही नाही. (ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहे त्यांनी सीटखालच्या पिवळ्या वायरींना हात लावायचा नाही, ते काम मिस्त्रीकडेच द्यायचं. आमच्या गाडीला एअरबॅगच नव्हती.) वरचं कार्पेट हाताला जेमतेम दमट लागत होतं. ते उचललं तर खाली चिंध्यांच्या लगद्याचा बोटभर जाड थर, पाण्यानं टम्म. तळव्यानं दाबला की बोटांच्या फटींतून चहाच्या रंगाचं पाणी वर यायचं. तो थर अंगणात काढून आम्ही दोघांनी पिळला, पाऊण बादली भरली. वरून मॅट झटकून, शाम्पू मारून काही होत नाही ते याचमुळे. वरचं दिसतं ते वाळतं, खालचं वाळत नाही.

ऑक्टोबरचं ऊन अशा वेळी देवासारखं. कार्पेट आणि थर पत्र्यावर टाकले आणि चारही दारं सताड उघडी ठेवली. अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर स्प्रेच्या बाटलीत भरून छत, दारांची आतली बाजू, स्टिअरिंग, सगळं पुसून काढलं. सीटवर खायचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्युमनं ओढला. पट्टे पूर्ण ओढून कपड्यांचे चिमटे लावले, साबणाच्या पाण्यानं धुतले आणि खडखडीत वाळल्यावरच आत सोडले. पट्ट्यांना ब्लीच लावायचा मोह होतो, लावू नये. धागा कमकुवत होतो, आणि त्या धाग्यावर आपला जीव असतो.

चौथ्या दिवशी वास जवळजवळ गेला. मी आत्याला फोन करून फुशारकी मारली. पाचव्या दिवशी परतीचा पाऊस आला, तासभरच. सकाळी गाडीच्या तळाचा डाव्या बाजूचा पत्रा ओला.

मग डोकं लावलं. पुढे डावीकडे पाणी दोन वाटांनी येतं. एक एसीचं: आतल्या कॉइलवर साचलेलं पाणी बारक्या रबरी नळीनं गाडीखाली पडायला हवं, नळी तुंबली की ते पायाशी सांडतं. दुसरं पावसाचं. आमच्या एसीत तर गॅसच नव्हता, तो चालूच झाला नव्हता. म्हणजे पाऊस. मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणी पडले आणि लेकाला पुढच्या काचेवर पाईपनं पाणी सोडायला सांगितलं. मिनिटभर काही नाही. मग ब्लोअरच्या काळ्या डब्याच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि थेट माझ्या कपाळावर. इतका आनंद पाण्याच्या थेंबानं मला आधी कधी झाला नव्हता.

काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. ब्लोअर बाहेरची हवाही तिथूनच घेतो. जाळी उचकटली तर आत फणसाची पानं. कुजून काळ्या खतासारखी झालेली, त्यात एक कोवळं रोपही. भोकं बुजलेली, त्यामुळे पन्हळ भरली की पाणी सरळ ब्लोअरच्या तोंडातून आत. दोन वर्षं हेच चाललं होतं.

ब्लोअर म्हटल्यावर डॅशबोर्डचा कप्पा काढून त्यामागचा एसीचा फिल्टर बघितला. फिल्टर कुठला, पेपराच्या कपच्यांचं घरटं होतं. घरमालक निघून गेले होते, लेंड्या मागे ठेवून. इथे मी थांबले, मास्क आणि हातमोजे आणले. कोकणात लेप्टोचं, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाचं, नाव ऐकत मोठी झालेली बाई उंदराची घाण कोरडी झाडत नाही. आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवली, मग कागदात गुंडाळून उचलली. फिल्टर नवा टाकला.

एसीवाल्यानं गॅस भरताना कॉइलवर फेस मारला आणि गाडीखाली शिरून नळीत तार घातली. काळी बुळबुळीत गुठळी फचकन त्याच्या मनगटावर पडली. "हे बघा ताई, दुसरा वास," तो म्हणाला, जसं काही मासा पकडलाय. त्यानंच एक सवय लावली: घर पाच मिनिटांवर आलं की एसी बंद करायचा, ब्लोअर चालू ठेवायचा. कॉइल वाळतं, बुरशीला ओल मिळत नाही.

खंडेनवमीला झेंडूचा हार पडला. कुबट वास पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. चार दिवस बंद राहिली तर पहिल्या अर्ध्या मिनिटाला थोडा येतो, आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात अजून डांबराच्या गोळ्यांचा आहे. तो कशानंच जात नाही, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. जाळी मात्र दर महिन्याला उचलते.

मे महिन्यात गाडी घेऊन देवरुखला गेले. आत्या खळ्यात उभी राहून हातानं दाखवत होती, "अगो सावलीत लाव, फणसाखाली."

मी उन्हात लावली.