बसून बघायची भिंत

निघालो होतो मोरजाईला. गोव्यातल्या मोरजीच्या त्या देवळातल्या कावीच्या भिंतीचित्रांचं नाव बरंच ऐकलं होतं. पण पेडण्याकडून येताना चहाला थांबलो, टपरीमागे एक लहानसं देऊळ दिसलं आणि त्या दिवशीची मोरजाई राहूनच गेली.

काव म्हणजे आपला गेरू. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ यांचं कालवण पंधराएक दिवस आंबवून, कुटून भिंतीला लावायचं. त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि तो ओला आहे तोवर लोखंडी टोच्यानं खरवडायचं. तांबडं निघून खालचं पांढरं दिसतं, तेच चित्र. खाडाखोड नाही. चुना हवा पिऊन दगड व्हायला लागला की हात थांबला.

हे ठाऊक असलं की डोळे भलतीकडेच जातात. कमळाच्या मधोमध बारीक भोक होतं, कर्कटकाचं टोक रोवल्याचं. द्रोणागिरी घेऊन निघालेल्या मारुतीच्या शेपटीलगत उभा सांधा दिसला. एका दिवसाचं काम तिथं संपलं असावं, कारण सांध्याअलीकडच्या रेघांच्या कडा फुटलेल्या, पलीकडची रेघ मात्र लोण्यातून फिरवल्यासारखी. गवंड्याला त्या संध्याकाळी उशीर झाला होता!

चेहरा तेवढा बसका वाटत होता. तसं मी म्हणालोही. पायरीवरचे आजोबा हसले. "उभ्यान काय बघतंस? बस मरे."

बसलो. नाक सरळ झालं. चित्र भजनाला, दहीकाल्याला जमिनीवर बसणाऱ्यांच्या नजरेला धरून काढलेलं. पोथी न वाचणाऱ्यांना रामायण तिथंच भेटायचं.

"आमची माणसां हंयच बसत," आजोबा म्हणाले. "उंबऱ्याभायर."

पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं 1788 मध्ये. तोवर देवळं पाडण्याचा जोर ओसरला होता, म्हणून इथल्या भिंती वाचल्या असाव्यात. पुढे जीर्णोद्धार आला. समोरच्या भिंतीवर आता गुलाबी ऑइलपेंट आहे, चकचकीत. गुळगुळीत म्हणून हात फिरवला तर बोटाला खाच लागली. मग दुसरी. आजोबाही उठून आले, डोळे मिटून चाचपत राहिले.

"वाली आसतलो," ते म्हणाले. "ही बघ, गदा."