मुठीतली पहिली चिठ्ठी

सकाळी साडेअकराला जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, काटेवाल्या काकांचा फोन आला. "भाऊ, दुसऱ्या गाडीची पावती कोरी येऊन राह्यली. कास्तकार इथंच उभा हाय. तू येतं का?"

मी समुद्रपूर तालुक्यातल्या गावी, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. हिंगणघाटच्या वाटेवरची ती जिनिंग मोटारसायकलनं पाऊण तासावर. जामच्या चौकापासून पुढं कापसाच्या गाड्याच गाड्या होत्या. डिसेंबर, दुसरा वेचा घरात आलेला, प्रत्येकाला गाडी खाली करून दिवस मावळायच्या आत परतायची घाई. तो काटा माझ्यामुळं थांबला होता.

आधीच्या हंगामापर्यंत तिथं वजन हातानं टाइप करत. आकडा चुकला की वाद, आणि वादात शंका नेहमी काट्यावर. म्हणून त्या वर्षी मी रिॲक्टमध्ये, म्हणजे स्क्रीन बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, नवा स्क्रीन बांधला होता: गाडी काट्यावर चढली, आकडा काही सेकंद स्थिर राहिला, की नोंद आपोआप. बटण नाही, टायपिंग नाही. प्रत्येक गाडीला एक टोकन, म्हणजे क्रमांक. एका टोकनवरचं पहिलं वजन भरल्या गाडीचं, शेवटचं रिकाम्या गाडीचं, वजाबाकी म्हणजे कापूस.

पोचल्यावर आधी नोंदी उघडल्या. सकाळपासून चार गाड्यांची सहा वजनं झाली होती आणि सहाच्या सहा टोकन क्रमांक एकवर चढली होती. बाकी तीन टोकनं कोरी. पहिल्या बंडीवाल्याची पावती मात्र बरोबर निघाली होती. त्याची रिकामी बंडी चढली त्या क्षणी शेवटची नोंद त्याचीच होती, त्यामुळं वजाबाकी जुळली आणि कोणालाच संशय आला नाही. स्क्रीनवर तर प्रत्येक वेळी नावही बरोबर होतं आणि वजनही. डोळ्यांना दिसत होतं ते खरं, लिहिलं जात होतं ते दुसऱ्याच्या खात्यात.

दुसऱ्या ट्रॉलीचे मालक माझ्या खुर्चीमागं उभे होते. "भाऊ, माहा कापूस तर खाली झाला. आता मोजमाप कुठून आणसान?" आवाज चढलेला नव्हता. तेच मला जास्त लागलं. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्यांच्या ट्रॉलीत बावीस क्विंटलच्या वर माल होता, म्हणजे पावणेदोन लाखांच्या पुढची रक्कम माझ्या कोडमध्ये अडकली होती.

चूक कुठं होती ते सांगतो. रिॲक्टमध्ये स्क्रीन एकात एक बसवलेल्या तुकड्यांचा, म्हणजे घटकांचा, असतो आणि माहिती वरच्या घटकाकडून खालच्याकडं जाते. खालच्याला वर काही कळवायचं असेल, तर वरचा त्याला एक फंक्शन, म्हणजे कोडचा चालवता येणारा तुकडा, प्रॉप म्हणून (वरून दिलेली गोष्ट) देऊन ठेवतो आणि खालचा वेळ आली की ते चालवतो. माझ्या स्क्रीनमध्ये टोकन वरच्या घटकाकडं होतं आणि काट्याशी जोडणी खालच्याकडं. 'वजन आलं की हे चालव' असं फंक्शन मी वरून दिलं होतं. टोकन बदललं की वरचा घटक पुन्हा रेखाटला जातो आणि नवं फंक्शन तयार होतं, नव्या टोकनसह. पण खालच्यानं काट्याशी जोडणी एकदाच, पान उघडताना केलेली. ती जोडणी यूज-इफेक्ट या रिॲक्टच्या सोयीत होती, आणि काय बदललं की ती पुन्हा करायची याची यादी, म्हणजे डिपेंडन्सी ॲरे, मी रिकामी ठेवली होती. त्यामुळं त्याच्याजवळ राहिलं ते पहिलंच फंक्शन, आणि जावास्क्रिप्टचं फंक्शन आपल्या जन्मावेळचे चल (व्हेरिएबल) सोबत घेऊन फिरतं. क्लोजर म्हणतात ते हेच.

काकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काका, समजा मी काट्याजवळच्या पोराला चिठ्ठी दिली, वजन आलं की या नावावर लिही. गाडी बदलली की मी नवी चिठ्ठी पाठवतो. पण तो पहिलीच मुठीत धरून बसला."

"मंग त्याले मूठ उघडाले सांग ना," काका म्हणाले. काम तेवढंच होतं.

घरी तपासताना हे का दिसलं नाही? मी एका वेळी एकच गाडी तपासत होतो आणि दर वेळी पान नव्यानं उघडत होतो. कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणाऱ्या ईएसलिंटनं त्या ओळीवर इशाराही दिला होता. 'जोडणी एकदाच हवी' म्हणून मी तो इशारा बंद करून टाकला होता.

दुरुस्ती पहिल्या फटक्यात जमली नाही. फंक्शन डिपेंडन्सीत घातलं, तर काट्याचा आकडा हलला की वरचा घटक पुन्हा रेखाटला जाई, नवं फंक्शन येई, जोडणी तुटून पुन्हा जुळे आणि मधली वजनं गळत. यूज-कॉलबॅकनं टोकन बदलेपर्यंत फंक्शन तेच ठेवलं, तेव्हा ते थांबलं. तरी ऐन वजनाच्या वेळी जोडणी तुटणं मला नको होतं. शेवटी ताजं फंक्शन एका रेफमध्ये, म्हणजे घटक पुन्हा रेखाटला तरी टिकणाऱ्या खणात, ठेवलं. जोडणी कायम राहते, वजन आलं की रेफमध्ये त्या घडीला जे असेल ते चालतं. रिॲक्ट १९.२ मध्ये याचसाठी यूज-इफेक्ट-इव्हेंट आलं आहे, पण आमचा प्रकल्प जुन्या आवृत्तीवर होता. आणखी एक बदल केला: स्क्रीनवरचं नाव आता निवडलेल्या टोकनचं नसून जतन झालेल्या नोंदीतून वाचलेलं असतं. ते पहिल्या दिवसापासून तसंच असायला हवं होतं.

सकाळची वजनं वाचली ती काकांच्या कच्च्या वहीमुळं. संगणक आला तरी त्यांनी ती सोडली नव्हती. गाडी, नाव, वजन, सगळं पेनानं ओळीत. सहा नोंदींच्या वेळा आणि आकडे आम्ही त्या वहीशी लावून पाहिले, एकेक ओळ, कास्तकारांच्या देखत. सगळ्या जुळल्या. दुसरी ट्रॉली: भरलेली ५,७२० किलो, रिकामी ३,४९०, कापूस २२ क्विंटल ३० किलो. मालकांनी पावती हातात घेऊन नाव दोनदा वाचलं, वहीतल्या ओळीवर बोट ठेवून आकडा पुन्हा पाहिला, मग घडी घालून खिशात ठेवली.

त्या रात्री बंद केलेले इशारे सगळ्या कोडमध्ये शोधले. आणखी तीन ठिकाणी निघाले. त्यातलं एक ओलाव्याच्या मीटरचं होतं. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. तिथंही मीटरजवळ पहिलंच फंक्शन राहिलं होतं. ते मी जेवायच्या आधी दुरुस्त केलं.