तुम्ही विचारलंत म्हणून: येशू देव की माणूस?

मी चर्चला जातो हे कळलं की कुणी ना कुणी विचारतंच, "येशू तुमचा देव, देवाचा मुलगा, की मोठा संत? एक काय ते सांगा."

प्रश्न रास्त आहे. येशू पुरता देव आहे आणि पुरता माणूसही, अर्धा-अर्धा नव्हे. 451 साली खाल्सेदोन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत हेच ठरलं आणि आमच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, परंपरेनं ते स्वीकारलं. 1970 साली आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या अनेक चर्च मिळून झालेल्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाली, पण प्रभुभोजनाच्या वेळी श्रद्धा जाहीर करताना 'मनुष्य झाला' या शब्दांशी माझी मान अजून आपोआप खाली जाते.

'पुरता माणूस' हे लोक चटकन मान्य करतात आणि तितक्याच चटकन विसरतात. मी तिथेच रेंगाळतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जगाच्या शेवटच्या घटकेविषयी म्हणतो की ती पुत्रालाही, म्हणजे खुद्द त्यालाही, ठाऊक नाही, फक्त पित्याला आहे. मग हा देव कसा? पुढे ऑक्सफर्डचे बिशप झालेले चार्ल्स गोर यांनी 1889 साली 'लक्स मुंडी' या निबंधसंग्रहात मांडलं की पुत्र माणूस झाला, तेव्हा माणसाच्या ज्ञानाच्या मर्यादाही त्यानं पत्करल्या. हेन्री लिडन यांच्यासारख्या जुन्या विद्वानांना हे फार लागलं. मला मात्र गोर पटतात. पुढचं सगळं आधीच लख्ख दिसत असतं, तर क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत 'हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर' म्हणणं नुसतं सोंग ठरलं असतं. ते सोंग नव्हतं. तो खरोखर घाबरला होता.

'पुरता देव' यापाशी अडणाऱ्यांनाही मी परकं मानत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. तरी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, आणि ख्रिस्ताचं देवत्व त्यांच्या गळी सहज उतरलं नाही. वाँटेजच्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. केवळ चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्यांच्या विवेकबुद्धीची तयारी नव्हती. त्या पत्रांचा मला अभिमान वाटतो.

मग मी त्याला देव का म्हणतो? देव कसा असावा हे आपण आधीच ठरवून टाकतो, सर्वशक्तिमान, अढळ, आणि मग येशू त्यात बसतो का ते पाहतो. कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅमझी यांनी हे उलटं केलं. देव ख्रिस्तासारखा आहे आणि ख्रिस्ताला न शोभणारं देवात काहीच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शिष्यांचे पाय धुणारा, कुष्ठरोग्याला हात लावणारा, लाजर या मित्राच्या कबरेपाशी रडणारा जो आहे, देव तसाच आहे. माझी आई गेली तेव्हा 'देवाची इच्छा' म्हणून समजूत घालणारे पुष्कळ आले. मला आधार वाटला तो त्या रडणाऱ्याचा.

यावर पुढचा प्रश्न येतो, "मग प्रार्थना कुणाला करता?" उपासनेत पित्याला, येशूच्या द्वारे. एकटा असलो की सरळ येशूलाच.