९२ मीटरवरची तबकडी

त्या दिवशी माझ्याकडे मोजणीचं काम होतं. उष्ण कटिबंधातल्या एका बेटाच्या कडेनं कॅमेऱ्याचं यान केबलवर खाली सोडायचं आणि पडद्यावर दिसेल ते प्रवाळ खोलीसकट टिपायचं.

पाच-सात मीटरवर नुसती गर्दी होती. शिंगांसारख्या फांद्या, एकीवर एक चढलेल्या. पंचवीसच्या पुढे फांद्या विरळ झाल्या, गोल घुमटासारखी प्रवाळं दिसू लागली आणि मग आडव्या, पसरट. कारण साधं आहे. प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्यानं उन्हावर बनवलेल्या अन्नावर प्रवाळाचं बरंचसं पोट चालतं. ऊन मंदावलं की अंग पसरून मिळेल तेवढं गोळा करावं लागतं.

माझा तक्ता ४० मीटरला संपत होता. त्याखाली मी आधीच रेघ मारून ठेवली होती. एवढ्यात यान चालवणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलं, "केबल भरपूर आहे अजून. जाऊ खाली?"

"जा," मी म्हणाले.

साठच्या खाली सगळं निळं. लाल प्रकाश तर वरच्या थोड्याच पाण्यात शोषला जातो. बराच वेळ वाळू आणि स्पंज, बाकी काही नाही. ९२ मीटरवर कड्याच्या कपारीत काहीतरी सपाट दिसलं. दिवा त्याच्यावर आणला. ताटलीएवढी पातळ तबकडी, तिच्यावर बारीक रेषा. आणि रंग तपकिरी! पांढरी असती तर मेलेला सांगाडा समजून पुढे गेले असते. हा तपकिरी रंग शैवालाचा, म्हणजे तिथल्या अंधुक निळ्या उजेडातही त्याचं काम चालू होतं. हे लेप्टोसेरिस नावाचं पातळ, पसरट प्रवाळ. याच कुळातलं एक प्रवाळ फ्रेंच पॉलिनेशियात १७२ मीटरवर जिवंत सापडलेलं आहे. मी ते वाचलं होतं, तरीही माझी रेघ ४० वरच होती.

मला त्या क्षणी हिंद महासागरातलं कीलिंग बेट आठवलं, १८३६ मध्ये डार्विनचं जहाज तिथे गेलं होतं. जहाजावरून दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाला चरबी फासून तळ चाचपला, तेव्हा सुमारे दहा फॅदम, म्हणजे अठरा मीटरपर्यंत, चरबीवर जिवंत प्रवाळाचे ठसे उठत होते. वीस फॅदमच्या खाली वाळूच येत होती. त्यावरून डार्विननं ताडलं की भित्ती उथळ पाण्यातच बांधली जाते, आणि ते आजही खरं आहे. ९२ मीटरवरची पातळ तबकडी भित्ती उभारत नाही. पण ती तिथे जगते. माझी रेघ प्रवाळ कुठे संपतं ते सांगतच नव्हती. पाठीवर हवेची टाकी घेऊन माणूस नेहमी जेवढा खाली जातो, तेवढंच ती सांगत होती.

आम्ही आणखी खाली गेलो. शेवटची तबकडी ११८ मीटरवर. मग उतार संपून सपाट वाळू लागली.

रात्री तक्ता नव्यानं आखला. "शेवटचं प्रवाळ" असा एक रकाना होता, त्याच्या शेजारी दुसरा वाढवला: "शेवटची पाहणी". जुन्या सगळ्या नोंदी काढून बसले. बहुतेक ठिकाणी दोन्ही रकान्यांत एकच आकडा येत होता.